नानावटी क्षमादान प्रकरण

नानावटी क्षमादान प्रकरण म्हणजे खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेपेची शिक्षा झालेले भारतीय नौदलातील कमांडर कावस माणेकशा नानावटी यांना महाराष्ट्राच्या तत्कालीन राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी १९६४ साली दिलेली क्षमा आणि तिच्या आगेमागे उद्भवलेला कायदेशीर व सामाजिक वाद होय. मूळ खटला (१९५९–१९६१) ज्यूरी पद्धती, वृत्तपत्रांचा प्रभाव आणि 'गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ' या बचावाच्या संदर्भात सर्वश्रुत आहे. त्या मानाने त्याचा शेवटचा अंक, म्हणजे क्षमेचा, दुर्लक्षित राहिला आहे. लोकप्रिय व सन्मानित व्यक्तीला शासनाने क्षमा करावी काय, केल्यास कोणत्या निकषावर करावी, हा प्रश्न मात्र त्या अंकातच खऱ्या अर्थाने उभा राहतो. त्याच दिवशी भाई प्रताप या सिंधी उद्योजकालाही क्षमा देण्यात आली. त्यामुळे या प्रकरणाचा संबंध फाळणीनंतर महाराष्ट्रात, विशेषतः उल्हासनगर परिसरात, स्थिरावलेल्या सिंधी समाजाशीही येतो.

पार्श्वभूमी

नानावटी हे पारशी होते. भारतीय नौदलाच्या 'आयएनएस मैसूर' या युद्धनौकेवर ते दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. १९४९ साली इंग्लंडमध्ये त्यांचा सिल्व्हिया या इंग्रज तरुणीशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. या दांपत्याला तीन मुले झाली व त्यांनी मुंबईत बिऱ्हाड केले. नोकरीमुळे नानावटी यांना दीर्घकाळ समुद्रावर राहावे लागे. या काळात सिल्व्हिया व प्रेम भगवानदास आहुजा यांचे प्रेमसंबंध जुळले. आहुजा हे सिंधी व्यापारी असून पेडर रोडवर त्यांचा मोटारविक्रीचा व्यवसाय होता.

२७ एप्रिल १९५९ रोजी सिल्व्हिया यांनी पतीजवळ या संबंधांची कबुली दिली. नानावटी यांनी पत्नी व मुलांना चित्रपटगृहापाशी सोडले आणि ते जहाजावर गेले. रात्री मोटारीने एकट्यानेच अहमदनगरला जायचे आहे असे कारण सांगून त्यांनी शस्त्रागारातून एक रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली. आहुजा कचेरीत नाहीत असे कळल्यावर ते त्यांच्या 'जीवनज्योत' या इमारतीतील घरी गेले, शयनगृहात शिरले व काही क्षणांतच तीन गोळ्या सुटल्या. आहुजा यांचा मृत्यू झाला. बहीण मेमी त्या वेळी घरातच होत्या. नानावटी तेथून निघाले व त्यांनी पोलीस उपायुक्त जॉन लोबो यांच्यापुढे आपणहून हजर होऊन गोळीबाराची कबुली दिली.

नानावटी कधीही फरारी झाले नाहीत, ही बाब पुढे त्यांच्या बाजूने वारंवार मांडली गेली. ती खरी आहे. मात्र ती वस्तुस्थिती शिक्षेच्या प्रमाणाशी संबंधित आहे. दोष ठरवताना तिचा उपयोग फारसा नाही. सार्वजनिक चर्चेत या दोन गोष्टींची गल्लत झाली आणि आजही होते.

खटला

सत्र न्यायालयात न्यायाधीश आर. बी. मेहता व नऊ जणांची ज्यूरी यांच्यापुढे खटला चालला. बचाव असा होता की, आपण पत्नीशी विवाह करून मुलांचा सांभाळ करणार काय, असे नानावटी यांनी विचारले. आहुजा यांनी उर्मट नकार दिला. त्यानंतर रिव्हॉल्व्हरसाठी झटापट झाली व गोळ्या अपघाताने सुटल्या. अभियोग पक्षाने काही साध्या वस्तुस्थितीकडे बोट दाखवले. आहुजा नुकतेच स्नान करून आले होते व त्यांच्या कमरेचा टॉवेल झटापटीनंतरही जागचा सुटला नव्हता. घरात असलेल्या बहिणीला नानावटी यांनी अपघाताविषयी अवाक्षरही सांगितले नव्हते. शस्त्र मिळवताना त्यांनी खोटे कारण दिले होते.

ज्यूरीने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने आरोपी निर्दोष असल्याचा कौल दिला. कोणत्याही समंजस ज्यूरीला या पुराव्यावरून असा कौल देता येणार नाही, असे मत नोंदवून न्यायाधीशांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०७ नुसार त्यांना तसा अधिकार होता. न्यायमूर्ती शेलत व न्यायमूर्ती नाईक यांच्या खंडपीठाने ११ मार्च १९६० रोजी ज्यूरीचा कौल बाजूस सारला आणि नानावटी यांना खुनाबद्दल सश्रम जन्मठेप सुनावली. उच्च न्यायालयात सरकारची बाजू यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी मांडली. ते पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले.

सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ही शिक्षा कायम केली. निकाल न्यायमूर्ती के. सुब्बाराव यांनी लिहिला. नानावटी दुपारी दीडच्या सुमारास घरून निघाले व गोळीबार चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास झाला. मधल्या वेळात पत्नी-मुलांची व्यवस्था लावणे, जहाजावर जाणे, शस्त्र मिळवणे, कचेरीत चौकशी करणे अशी विचारपूर्वक केलेली कृत्ये दिसतात. ताब्यातून सुटलेले मन ताब्यात येण्यास हा अवधी पुरेसा होता, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. 'गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ' समजून घेण्यासाठी विधीचे विद्यार्थी आजही हाच निकाल वाचतात.

या खटल्यामुळे भारतातील ज्यूरी पद्धती बंद झाली, असे सर्रास लिहिले जाते. ते अतिशयोक्त आहे. विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालातच ज्यूरी रद्द करण्याची शिफारस केली होती आणि निरनिराळ्या राज्यांत ती टप्प्याटप्प्याने बंद होत होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. नानावटी खटल्याने ज्यूरीच्या टीकाकारांच्या हाती एक ठळक उदाहरण दिले, एवढेच म्हणता येईल.

राज्यपालांचा पहिला हस्तक्षेप

शेवटी मिळालेली क्षमा हा शासनाचा या प्रकरणातील दुसरा हस्तक्षेप होता. पहिला उच्च न्यायालयाच्या निकालाच्या दिवशीच झाला. मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ११ मार्च १९६० रोजी संविधानाच्या अनुच्छेद १६१ खाली आदेश काढला. नानावटी यांनी सर्वोच्च न्यायालयात करावयाच्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्यांची शिक्षा निलंबित राहील व तोवर ते नौदलाच्या ताब्यात 'आयएनएस कुंजाली' येथे राहतील, असा तो आदेश होता. म्हणजे दोषी ठरलेल्या कैद्याला तुरुंगाचे दार पाहावे लागले नाही. अटकेचे वॉरंट बजावणी न होताच परत आले.

या आदेशाने मोठी खळबळ उडाली. उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या विशेष पीठाने आदेश घटनाबाह्य नसल्याचे ठरवले. नौदलाकडून आलेली विनंती आपण राज्य सरकारपर्यंत पोहोचवली होती, हे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी जाहीरपणे मान्य केले. सामान्य कैद्याच्या वाट्याला असा मध्यस्थ येत नाही, ही टीका तेव्हाच झाली व तिला उत्तर देणे कोणालाच सोपे गेले नाही.

सर्वोच्च न्यायालयात प्रश्न वेगळ्या वाटेने आला. न्यायालयाच्या नियमांनुसार शिक्षा झालेल्या व्यक्तीने आधी शरण गेल्याशिवाय तिचा अर्ज ऐकला जात नसे. राज्यपालांच्या आदेशामुळे आपल्याला या अटीतून सूट मिळावी, अशी नानावटी यांची मागणी होती. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने ५ सप्टेंबर १९६० रोजी ४ विरुद्ध १ अशा बहुमताने ती फेटाळली. या पीठावर न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरही होते. बहुमताचा आशय असा : पूर्ण क्षमा देण्याचा राज्यपालांचा अधिकार अबाधित आहे आणि तो केव्हाही वापरता येतो, परंतु प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे असताना शिक्षा तात्पुरती निलंबित करावी की नाही, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. एकच गोष्ट दोन सत्तांनी एकाच वेळी करू नये. न्यायमूर्ती जे. एल. कपूर यांनी भिन्नमत नोंदवले. त्यांच्या मते राज्यपालांच्या अधिकारावर असे बंधन संविधानात कोठेही नाही.

या निर्णयानंतर नानावटी यांना नौदलाच्या ताब्यातून सामान्य तुरुंगात जावे लागले. या दोन निकालांच्या शीर्षकांत एक गमतीदार फरक आहे. १९६० च्या निकालात प्रतिवादी 'मुंबई राज्य' आहे, १९६१ च्या निकालात 'महाराष्ट्र राज्य'. खटला चालू असतानाच १ मे १९६० रोजी महाराष्ट्राची निर्मिती झाली होती.

जनमत

रुसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' या इंग्रजी साप्ताहिकाने नानावटी यांची बाजू उघडपणे घेतली. देशासाठी समुद्रावर असलेला सरळमार्गी अधिकारी आणि त्याचा संसार उद्ध्वस्त करणारा चैनी धनिक, असे चित्र त्याने रंगवले. एरवी २५ पैशांना मिळणारा अंक त्या दिवसांत दोन रुपयांना विकला जाई, असे सांगतात. रस्त्यावर 'आहुजा टॉवेल' व 'नानावटी रिव्हॉल्व्हर' या नावांनी वस्तू विकल्या जात. कावसजी जहांगीर सभागृहात पारशी समाजाची मोठी सभा झाली व नौदलाची सहानुभूती तर पहिल्यापासून होतीच.

मृताच्या बाजूने बोलणारे थोडे होते. आहुजा यांचे वर्तन नैतिकदृष्ट्या दोषास्पद असले तरी कायद्याने त्यासाठी मृत्युदंड नव्हता, आणि असता तरी तो देण्याचा अधिकार पतीला नव्हता, ही बाब वृत्तपत्रांच्या गदारोळात मागे पडली. सिल्व्हिया यांना तर सर्वांनीच पापिणी किंवा पश्चात्तापदग्ध पत्नी अशा दोन साच्यांत बसवले. मेमी आहुजा यांच्या वतीने खटल्यात लक्ष घालण्यासाठी राम जेठमलानी हे तरुण वकील उभे राहिले. फाळणीनंतर कराचीहून निर्वासित म्हणून मुंबईत आलेल्या जेठमलानी यांनी त्याआधी निर्वासितांवर जाचक निर्बंध घालणाऱ्या मुंबई राज्याच्या कायद्याविरुद्ध उच्च न्यायालयात यशस्वी लढा दिला होता.

सिंधी समाज, उल्हासनगर आणि भाई प्रताप

क्षमेच्या वेळी सरकारला सिंधी समाजाच्या भावनेचा विचार का करावा लागला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. फाळणीत पंजाब व बंगाल यांची विभागणी झाली. सिंध मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना भारतात आपले म्हणावे असे राज्यच उरले नाही. मुंबईच्या ईशान्येस कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात उभारलेली लष्करी छावणी होती. तेथील बराकींत सुमारे एक लाख निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची नगर म्हणून पायाभरणी झाली. बदलापूरकडून वाहत येणाऱ्या उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथच्या शिवारापर्यंत पसरलेल्या या नगराचे भाग आजही 'कॅम्प' याच शब्दाने व क्रमांकाने ओळखले जातात. पत्त्यातला 'कॅम्प नंबर चार' हा शब्दप्रयोग तेथील तिसऱ्या पिढीलाही खटकत नाही.

महाराष्ट्रातील सिंधी समाजाची ही सर्वांत मोठी वस्ती होय. मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही स्थानके एकामागोमाग येतात. अंबरनाथला अकराव्या शतकातील शिवमंदिर, दारूगोळा कारखाना व कष्टकऱ्यांची वस्ती, बदलापूरला जुने मराठी गाव, आणि शेजारीच सर्वस्व गमावून आलेल्यांनी बराकींतून उभारलेले व्यापारी नगर, असा हा पट्टा आहे. जेठमलानी यांनी पुढे उल्हासनगरातून अपक्ष उमेदवार म्हणून निवडणूकही लढवली. त्यात त्यांचा पराभव झाला.

निर्वासित सिंध्यांपुढे दुसरा मार्ग कच्छमध्ये होता व तो भाई प्रताप दियालदास यांनी आखला होता. सिंधमधील हैदराबादचे हे व्यापारी स्वातंत्र्य चळवळीत सहभागी होते. कच्छच्या महारावांनी दिलेल्या १५,००० एकर जमिनीवर 'सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशन' या संस्थेमार्फत त्यांनी गांधीधाम हे शहर वसवले. आचार्य कृपलानी या संस्थेशी निकटचे संबंधित होते. उल्हासनगर सरकारने दिलेल्या छपराखाली वाढले, तर गांधीधाम नकाशावर आधी आखून मग बांधले गेले. अशा भाई प्रतापांना आयात परवान्यांच्या गैरवापराबद्दल शिक्षा झाली होती व त्यांचाही क्षमेचा अर्ज सरकारपुढे होता.

क्षमा

नानावटी यांनी सुमारे तीन वर्षे तुरुंगवास भोगल्यावर क्षमेचा प्रश्न गांभीर्याने पुढे आला. नानावटी यांना एकट्यालाच सोडले तर आपल्या माणसाच्या खुनाची किंमत शून्य ठरवली, अशी भावना सिंधी समाजात निर्माण होईल, ही धास्ती सरकारला होती. जेठमलानी यांनी नंतर सांगितलेल्या हकिकतीनुसार नानावटी यांच्या बाजूचे वकील रजनी पटेल हे सिल्व्हिया यांना घेऊन त्यांच्याकडे आले व मेमी आहुजा यांची संमती मिळवून देण्याची त्यांनी विनंती केली. मेमी यांनी क्षमेस हरकत नसल्याचे लेखी दिले. राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित या नेहरूंच्या भगिनी होत. त्यांनी नानावटी व भाई प्रताप या दोघांनाही एकाच दिवशी क्षमा दिली.

दोन अर्जांचा हा जोड या प्रकरणातील सर्वांत विवाद्य भाग आहे. परवान्याचा गैरवापर व खून हे गुन्हे एका तराजूत तोलण्यासारखे नाहीत. भाई प्रताप यांच्या क्षमेचे समर्थन त्यांच्या सार्वजनिक सेवेवरून व गुन्ह्याच्या स्वरूपावरून स्वतंत्रपणे करता आले असते. त्यांना नानावटी यांच्या सुटकेचे वजन पेलणारे दुसरे पारडे बनवले गेले आणि त्यांच्यावर एका अर्थी अन्यायच झाला. एका समाजाला एक माणूस दिला, म्हणून दुसऱ्याला एक दिला, असा हिशेब लोकांनी मांडला व तो खोडून काढण्याजोगे काही सरकारने पुढे ठेवले नाही.

मेमी आहुजा यांच्या संमतीकडे मात्र वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. खटला राज्य चालवते, त्यामुळे भारतीय कायद्यात क्षमेसाठी मृताच्या नातेवाइकांची संमती आवश्यक नाही. तरीही ज्या घरातला माणूस गेला त्या घराला विचारण्यात आले, ही या साऱ्या व्यवहारातील जमेची बाजू म्हणता येईल. ती संमती किती मोकळ्या मनाने व किती दडपणाखाली दिली गेली, हे कागदावरून ठरवणे शक्य नाही.

क्षमाधिकाराचे स्वरूप

संविधानाच्या अनुच्छेद ७२ ने राष्ट्रपतींना व अनुच्छेद १६१ ने राज्यपालांना क्षमा करणे, शिक्षा तहकूब करणे, तिच्यात सूट देणे, ती निलंबित वा सौम्य करणे असे अधिकार दिले आहेत. राज्यपालांचा अधिकार राज्याच्या कार्यकक्षेतील कायद्यांविरुद्धच्या गुन्ह्यांपुरता असतो. हा अधिकार व्यक्तिगत दयाबुद्धीचा नाही. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने तो वापरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने मारू राम खटल्यात (१९८०) स्पष्ट केले. केहरसिंग खटल्यात (१९८८) न्यायालयाने म्हटले की क्षमा करताना राष्ट्रपती पुराव्याचा स्वतंत्र विचार करू शकतात, परंतु त्याने न्यायालयाचा निकाल बदलत नाही. म्हणजे क्षमा मिळाली तरी नानावटी यांच्यावरील दोषसिद्धीचा निर्णय जागच्या जागी राहिला. आजही तो आधार म्हणून उद्धृत होतो.

एपुरू सुधाकर खटल्यात (२००६) न्यायालय आणखी पुढे गेले. जात, धर्म किंवा राजकीय निष्ठा यांच्या आधारावर दिलेली क्षमा न्यायालय रद्द करू शकते, असे त्यात ठरले. हा निकष १९६४ मध्ये अस्तित्वात असता तर नानावटी–भाई प्रताप आदेशाला न्यायालयात कठीण प्रश्नांना तोंड द्यावे लागले असते. १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत आलेल्या व ती संहिता २०२४ मध्ये रद्द होईपर्यंत लागू असलेल्या कलम ४३३अ नुसार खुनासारख्या गुन्ह्यातील जन्मठेपेच्या कैद्याला किमान १४ वर्षे तुरुंगात काढावी लागत. त्यातून पळवाट उरे ती अनुच्छेद ७२ व १६१ चीच.

तुलनेसाठी महाराष्ट्रातील त्याच काळातले दुसरे उदाहरण बोलके आहे. गांधी-हत्येच्या कटात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे यांनी आपली शिक्षा भोगून पूर्ण झाल्याचा दावा केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९६१ मध्ये तो फेटाळला. जन्मठेप म्हणजे हयातभर तुरुंगवास आणि त्यात सूट देणे हे सरकारच्या मर्जीवर, असे त्या निकालाने ठरवले. गोडसे ऑक्टोबर १९६४ मध्ये सुटले. दोघे एकाच वर्षी बाहेर आले. एकाने सुमारे तीन वर्षे काढली होती, दुसऱ्याने अटकेपासून धरल्यास पंधराहून अधिक. गुन्हे वेगळे होते, हे खरे. तरी 'सरकारची मर्जी' या शब्दांचा अर्थ दोन कैद्यांसाठी किती वेगळा असू शकतो, ते यातून दिसते.

कीर्ती आणि क्षमा

कीर्तिमान व्यक्तीला क्षमा द्यावी, अशी मागणी जगभर होत आली आहे. बुद्धिबळाचा जगज्जेता बॉबी फिशर याने १९९२ साली अमेरिकेचे निर्बंध मोडून युगोस्लाव्हियात बोरिस स्पास्कीशी सामना खेळला. त्याच्यावर आरोप ठेवण्यात आले व तो पुन्हा कधी मायदेशी परतला नाही. जुलै २००४ मध्ये जपानमधील नारिता विमानतळावर त्याला अटक झाली, तेव्हा खुद्द स्पास्कीने अमेरिकी अध्यक्षांना पत्र लिहून त्याच्यासाठी दयेची याचना केली. दया मिळाली नाही. मार्च २००५ मध्ये आइसलंडने त्याला नागरिकत्व दिले व तेथेच जानेवारी २००८ मध्ये त्याचा मृत्यू झाला. फिशरचा गुन्हा पटावर सोंगट्या हलवण्याचा होता. त्यात कोणाचा जीव गेला नव्हता. परंतु त्याची विखारी वक्तव्ये त्याच्या आड आली. नानावटी यांचा गुन्हा कितीतरी गंभीर होता, पण त्यांच्या वागण्यातला सभ्यपणा त्यांच्या कामी आला. दोन्हीकडे कृत्याऐवजी माणूस तोलला गेला.

कायद्याच्या दृष्टीने या दोन प्रकरणांत मूलभूत भेद आहे. अमेरिकेत दोषसिद्धीपूर्वीही क्षमा देता येते. रिचर्ड निक्सन यांना १९७४ मध्ये खटला चालण्याआधीच ती मिळाली. भारतीय संविधानातील तरतूद 'सिद्धदोष' व्यक्तीपुरती आहे. खटल्याला सामोरे न गेलेल्या फरारी माणसाला, तो कितीही नामवंत असो, आपल्याकडे क्षमा मागण्यासाठी आधी न्यायालयापुढे यावे लागते.

महाराष्ट्रात नानावटी यांच्या क्षमेचा दाखला अर्धशतकानंतर पुन्हा दिला गेला. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभिनेते संजय दत्त यांना शस्त्र कायद्याखाली झालेली शिक्षा कायम करून ती पाच वर्षांची केली. भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी दत्त यांना अनुच्छेद १६१ खाली क्षमा द्यावी, असे आवाहन करताना नानावटी प्रकरणाचाच आधार घेतला : खुनाला क्षमा मिळते, तर या गुन्ह्याला का नको? दत्त यांनी स्वतः क्षमा मागणार नसल्याचे जाहीर केले व मे २०१३ मध्ये ते शरण आले. राज्यपालांनी २०१५ मध्ये काटजू यांची विनंती फेटाळली. दत्त यांची फेब्रुवारी २०१६ मध्ये येरवडा कारागृहातून सुटका झाली. काटजू यांच्या युक्तिवादातील उणीव अशी की, एक विवाद्य क्षमा दुसरीचे प्रमाण ठरू शकत नाही. अन्यथा प्रत्येक अपवाद पुढच्या अपवादाचा नियम होईल.

या विषयावर मतभेद आहेत व ते राहतील. नानावटी यांच्या बाजूने म्हणता येते की ते सराईत गुन्हेगार नव्हते, त्यांच्यापासून समाजाला पुढे धोका नव्हता, ते आपणहून शरण गेले, त्यांची पत्नी व मुले त्यांच्या परतीची वाट पाहत होती आणि मृताच्या बहिणीने हरकत घेतली नाही. ही कारणे क्षमेसाठी गैरलागू मुळीच नाहीत. पण ती ज्यांना लागू पडतात असे कितीतरी कैदी तेव्हाही तुरुंगात होते. त्यांच्यामागे साप्ताहिक नव्हते, आरमार नव्हते आणि पंतप्रधानांपर्यंत निरोप नेणारेही कोणी नव्हते. आक्षेप घ्यायचा तो दयेवर घेता येत नाही, दयेच्या वाटपावर घ्यावा लागतो.

नाट्य व चित्रपट

मधुसूदन कालेलकर यांचे 'अपराध मीच केला' हे मराठी नाटक या घटनेवर बेतलेले आहे. हिंदीत 'ये रास्ते हैं प्यार के' (१९६३), गुलजार दिग्दर्शित 'अचानक' (१९७३) व 'रुस्तम' (२०१६) हे चित्रपट आले. यांपैकी पहिल्यात नायकाची भूमिका सुनील दत्त यांनी केली होती. पन्नास वर्षांनी ज्यांच्या क्षमेसाठी नानावटी यांचे नाव घेतले गेले, त्या संजय दत्त यांचे ते वडील. बहुतेक नाट्य-चित्रकृतींनी गोळीबार व न्यायालय यांवरच लक्ष केंद्रित केले. बची करकरिया यांच्या 'इन हॉट ब्लड' (२०१७) या इंग्रजी पुस्तकात मात्र खटल्यानंतरच्या घडामोडींचाही मागोवा घेतला आहे.

नंतरचा काळ

भाई प्रताप क्षमेनंतर फार काळ जगले नाहीत. १९६७ मध्ये त्यांचे लंडनला निधन झाले. नानावटी १९६८ मध्ये पत्नी सिल्व्हिया व तिन्ही मुलांसह कॅनडाला गेले. तेथे त्यांनी प्रसिद्धीपासून कटाक्षाने दूर राहून आयुष्य काढले. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले.